आणीबाणीच्या डिझेल जनरेटरमधले बोल्ट थकून का तुटतात आणि तुटल्यावर काय करावे

अणुवीज केंद्राचा बाहेरचा वीजपुरवठा गेला की अणुभट्टी बंद होते, पण इंधनातली उष्णता लगेच थांबत नाही. किरणोत्सारी क्षय चालूच राहतो आणि थंड पाणी फिरवणाऱ्या पंपांना वीज लागतेच. ती देण्यासाठी डिझेल जनरेटर असतात. सिग्नल मिळाल्यापासून साधारण १० सेकंदांत त्यांनी पूर्ण वेग आणि व्होल्टेज गाठायचे आणि मग एकेक करून भार उचलायचा. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइइचीत भूकंपानंतर जनरेटर सुरू झाले होते. त्सुनामीच्या पाण्याने ते बंद पाडले. सहाव्या युनिटचा हवेने थंड होणारा एक जनरेटर तेवढा चालत राहिला आणि त्याच्याच विजेवर पाचवे व सहावे युनिट सावरले. एका चालू मशीनची किंमत एवढी असते. असे मशीन एका बोल्टमुळे बंद पडू शकते, म्हणून हा लेख.

आधी तासांचा हिशेब

या मशीनचा बहुतेक काळ उभे राहण्यात जातो. महिन्यातून एकदा तासभराची चाचणी आणि दीड-दोन वर्षांतून एकदा २४ तासांची सलग चाचणी असा क्रम धरला, तर वर्षाला २४ ते २८ तास भरतात. इंजिन चार स्ट्रोकचे आणि वेग मिनिटाला १००० फेरे असेल, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ५०० स्फोट, म्हणजे तासाला ३०,००० होतात.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने धातूत चीर पडून ती वाढत जाते, यालाच थकवा म्हणतात. भार एकदा चढून उतरला की एक आवर्तन, आणि इथे प्रत्येक स्फोटाला एक आवर्तन धरू. पोलादी बोल्टचा थकवा मोजताना २० लाख आवर्तने हा नेहमीचा टप्पा आहे. इतकी आवर्तने सोसूनही चीर पडली नाही, तर तो बोल्ट त्या ताणाला पुरा पडतो असे धरतात. तासाला ३०,००० या दराने हा टप्पा गाठायला सुमारे ६७ तास लागतात. चाचण्यांच्या तासांवर त्याला अडीच वर्षे लागतील. खऱ्या प्रसंगात मशीन सात दिवस सलग चालले, तर १६८ तासांत ५० लाख आवर्तने होतात. याचा अर्थ असा की बोल्टमध्ये चीर वाढत असताना मशीन महिन्यामागून महिने चाचणी पास होत राहील, आणि ज्या आठवड्यात त्याची खरी गरज आहे त्याच आठवड्यात बोल्ट तुटेल. मासिक चाचणीने इंजिन सुरू होते एवढे कळते. बोल्टच्या आत काय चालले आहे ते कळत नाही.

हाच हिशेब उलटा लावला की कारण शोधायलाही मदत होते. एखादा ब्रॅकेट (भाग धरून ठेवणारा आधार) १०० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरत असेल, तर तासाला ३,६०,००० आवर्तने होतात आणि २० लाखांचा टप्पा साडेपाच तासांत संपतो. म्हणून नवा बसवलेला बोल्ट २४ तासांच्या चाचणीतच तुटला, तर संशय आधी कंपनावर घ्यावा. चार-पाच वर्षे टिकून मग तुटला, तर कमी वारंवारतेचा भार किंवा हळूहळू सैल झालेला जोड शोधावा.

बोल्ट मजबूत असूनही का तुटतो

आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते. तिच्यात साठलेल्या खेचेला प्रीलोड म्हणतात. या खेचेमुळे जोडलेले भाग एकमेकांवर दाबले जातात. बाहेरून हलणारा भार आला की त्यातला बराचसा भाग हा दाबच पेलतो आणि बोल्टच्या वाट्याला साधारण १० ते ३० टक्के येतो. जोड सैल असेल, तर मात्र सगळा भार बोल्टवर पडतो.

आकड्यांत पाहू. एम१६ (१६ मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट, वर्ग ८.८ (वर्गाचा आकडा मोठा तितके पोलाद मजबूत), ताण पेलणारे क्षेत्रफळ १५७ चौरस मिलिमीटर. त्यावर शून्य ते २० किलोन्यूटन असा हलणारा भार येतो. नीट आवळलेल्या जोडात बोल्टच्या वाट्याला २० टक्के, म्हणजे ४ किलोन्यूटन येतात. ताणाची चढउतार २५ मेगापास्कल, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे १३. जोड पूर्ण सैल असेल तर तीच चढउतार १२७ मेगापास्कल होते, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ६४. रोल केलेल्या, म्हणजे दाबून घडवलेल्या आट्यांच्या एम१६ बोल्टची थकवा-मर्यादा, म्हणजे कितीही आवर्तने झाली तरी सोसता येणारी चढउतार, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४६ मेगापास्कल आहे. तेव्हा तोच बोल्ट, तेच मशीन आणि तोच भार असूनही पहिला जवळजवळ कायमचा टिकतो आणि दुसरा तुटतो.

इथे एक चूक फार लोक करतात. ८.८ तुटला म्हणून १०.९ किंवा १२.९ लावतात. आट्यांच्या मुळाशी ताण इतका एकवटतो की पोलाद जास्त मजबूत घेतल्याने थकवा-मर्यादा जवळपास वाढत नाही. मजबूत बोल्टचा फायदा तेव्हाच, जेव्हा तो त्याच्या ताकदीनुसार जास्त आवळला जातो आणि खालचा भाग तो दाब सोसू शकतो. जुन्याच टॉर्कने (आवळताना लावलेल्या पिळाच्या जोराने) आवळलेला १२.९ चा बोल्ट जवळपास तेवढ्याच वेळात तुटेल. शिवाय त्या वर्गाच्या बोल्टवर विजेने जस्ताचा मुलामा दिलेला असेल, तर हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊन तुटण्याचा नवा धोका येतो.

कुठे पाहायचे

यादी मोठी होते, पण सगळे बोल्ट सारख्या महत्त्वाचे नसतात. बोल्ट तुटला तर पुढे काय होईल, यावरून क्रम लावावा.

सगळ्यात वर कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणाऱ्या दांड्याचे बोल्ट. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला खाली खेचणारा भार याच बोल्टवर येतो. तो तुटला की रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो आणि मशीन संपते. त्याच्या जोडीला उच्च दाबाच्या इंधन नळीच्या क्लॅम्पचे बोल्ट ठेवावेत. हे बोल्ट बोटाएवढे असतात आणि तपासणीत मागे पडतात. क्लॅम्प सुटला की नळी थरथरते, नळीला चीर पडते आणि डिझेलचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर उडून आग लागते. इंधन पंप बसवणारे बोल्ट आणि इंजिनाचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरच्या ड्राइव्हचे कपलिंग बोल्ट याच रांगेत येतात, कारण ते गेले की वेगावरचा ताबा जातो.

त्याखाली टर्बोचार्जरचा पाया आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. इथे कंपनासोबत उष्णताही असते. साधे पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढते, ऑस्टेनिटिक स्टेनलेस १६ ते १७ आणि ॲल्युमिनियम सुमारे २३. बोल्ट एका धातूचा आणि फ्लँज दुसऱ्या धातूची असेल, तर प्रत्येक सुरुवातीला आणि प्रत्येक बंदला जोडातली खेच बदलते. थंड इंजिन झटक्यात पूर्ण भारावर नेले की हा धक्का जास्त बसतो. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने १९८४ साली केंद्रांना पत्र लिहून थंड अवस्थेतल्या झटपट सुरुवाती कमी करायला सांगितले, ते अशाच झिजेमुळे. जॅकेटचे पाणी आणि तेल कायम कोमट ठेवणे आणि चाचणीपूर्वी तेल फिरवून घेणे हा बोल्टच्याही तब्येतीचा भाग आहे.

हवेने सुरू करणाऱ्या व्हॉल्व्हचे बोल्ट, पाण्याच्या पंपाचे बोल्ट, मापकांच्या नळ्यांचे ब्रॅकेट आणि पायाचे अँकर बोल्ट यांची फेरी त्यानंतर.

तुटलेला बोल्ट सापडला: पहिला तास

मशीन पुन्हा सुरू करू नका. शेजारचे बोल्ट आवळूही नका. हात शिवशिवतात, पण पाना लावला की पुरावा गेला. चीर पडलेला बोल्ट पुन्हा आवळला तर तो काही काळ घट्ट वाटतो आणि पुढच्या चाचणीत तुटतो.

१. बोल्ट कोणत्या छिद्रातला हे लिहा. इंजिनाच्या कोणत्या बाजूला त्याची कोणती कड होती, याची खूण डोक्यावर रंगाने करा. तडा कोणत्या बाजूने सुरू झाला हे नंतर याच खुणेवरून कळते.

२. जागेवरच फोटो काढा. वॉशरच्या कडेला तांबूस-तपकिरी भुकटी दिसते का ते पाहा. दोन भाग एकमेकांवर सूक्ष्म घासत असतील, तर पोलादातून ही कोकोसारखी भुकटी निघते. तेल मिसळले की तिचा काळा लेप होतो. ही भुकटी दिसली की तो जोड तुटण्याआधीपासूनच सैल होता असे समजा.

३. दोन्ही तुकडे मिळवा. नटमध्ये किंवा छिद्रात अडकलेला तुकडा बहुधा जास्त महत्त्वाचा असतो. तुटलेली तोंडे एकमेकांना लावून पाहू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, बोट लावू नका. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवा.

४. शेजारच्या बोल्टमध्ये किती खेच उरली आहे ते मोजा. दोन्ही टोके हाताला येत असतील, तर मायक्रोमीटरने आवळलेल्या स्थितीत लांबी घ्या, मग सैल करून पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे उरलेली ताणलेली लांबी. टोके मिळत नसतील, तर नट आणि फ्लँजवर एक सरळ रेघ मारा, नट थोडा सैल करा आणि रेघ पुन्हा जुळेपर्यंत आवळताना टॉर्क वाचा. हे मापन अंदाजी असते, पण दहापैकी तीन बोल्ट हातानेच फिरतात हे कळायला तेवढे पुरते.

तुटलेले तोंड वाचणे

थकून तुटलेल्या तोंडावर दोन प्रदेश दिसतात. एक सपाट आणि गुळगुळीत, जिथे चीर हळूहळू वाढली. दुसरा खरखरीत, जिथे उरलेले धातू एका झटक्यात तुटले. गुळगुळीत भागावर पुळणीवर लाटा ओसरल्यावर राहतात तशा वळणदार रेषा असतात. मशीन थांबते, पुन्हा सुरू होते आणि मधल्या काळात चिरेच्या टोकाशी ओलावा किंवा तेल बसते, म्हणून या रेषा पडतात. महिन्याला एकदा चालणाऱ्या मशीनमध्ये त्या ठळक दिसू शकतात. चांगल्या भिंगाखाली त्या मोजून चाचण्यांच्या नोंदीशी ताडून पाहिल्या, तर चीर कधीपासून वाढत होती याचा अंदाज बांधता येतो. सलग एकाच भारावर वाढलेल्या चिरेत मात्र अशा रेषा नसतात. म्हणून रेषा नाहीत एवढ्यावरून थकवा नव्हता असे ठरवू नये.

खरखरीत भाग लहान असेल, तर ताण कमी होता आणि चीर निवांत वाढली. तो मोठा असेल, तर ताण जास्त होता. दोन समोरासमोरच्या बाजूंनी चिरा आल्या असतील, तर बोल्ट दोन्हीकडे वाकत होता. परिघावर अनेक ठिकाणी बारीक पायऱ्या दिसल्या, तर चिरा एकाच वेळी अनेक जागी सुरू झाल्या, म्हणजे ताण बराच होता.

तुटण्याची जागाही बोलते. थकून तुटलेल्या बोल्टांत सुमारे ६५ टक्के वेळा तडा नटमधल्या पहिल्या गुंतलेल्या आट्याशी असतो, कारण एकूण भाराचा सुमारे तिसरा हिस्सा हा एकटा आटा उचलतो. सुमारे २० टक्के वेळा तो आटे संपतात तिथे आणि १५ टक्के वेळा डोक्याखालच्या गोलाईत असतो. डोक्याखाली तुटला, तर बसण्याचा पृष्ठभाग तिरपा आहे का ते सरळकोनी पट्टीने तपासा.

बोल्ट तुटताना बारीक झाला असेल, कपासारखी खळी आणि सुळका दिसत असेल, तर तो थकवा नव्हे, एकाच वेळी आलेला जादा भार आहे. आवळल्यावर काही तासांत किंवा दिवसांत, मशीन फारसे न चालताच तुटला आणि तोंड चमकदार दाणेदार असेल, तर हायड्रोजनचा संशय घ्या. कडकपणा मोजाच: वर्ग १०.९ साठी रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ३२ ते ३९, १२.९ साठी ३९ ते ४४. डोक्यावरचा शिक्का पुरावा म्हणून धरू नका. खोट्या शिक्क्याच्या बोल्टांचा प्रश्न इतका वाढला होता की नोव्हेंबर १९८७ मध्ये अमेरिकी नियामकाने केंद्रांना भांडारातले नमुने काढून तपासायला लावले.

जोड सैल का झाला

बहुतेक वेळा उत्तर इथे सापडते, म्हणून इथे वेळ द्यावा.

*वंगण.* टॉर्कपैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि ४० टक्के आट्यांच्या. खेच निर्माण करायला जेमतेम १० टक्के उरतो. एम१६, वर्ग ८.८, ६८ किलोन्यूटन खेच हवी असेल, तर कोरड्या आट्यांना २१८ न्यूटन-मीटर लागतात, तेल लावलेल्यांना सुमारे १६३ आणि मॉलिब्डेनमची पेस्ट लावलेल्यांना सुमारे १३१. पेस्ट लावून कोरड्याचा आकडा वापरला, तर खेच ११३ किलोन्यूटनवर जाते आणि बोल्ट कायमचा ताणला जातो. तेलाचा आकडा गंजलेल्या कोरड्या आट्यांवर वापरला, तर खेच निम्म्यावर येऊ शकते आणि रेंच मात्र दोन्ही वेळा टक् करतो. कामाच्या कागदावर टॉर्कच्या शेजारी वंगणाचे नाव लिहिलेले नसेल, तर तो आकडा अपुरा समजावा.

*आखूड बोल्ट.* ६८ किलोन्यूटन खेचेला १०० मिलिमीटर आवळलांबीचा (डोके आणि नट यांच्यामध्ये ताणल्या जाणाऱ्या भागाची लांबी) एम१६ सुमारे ०.२१ मिलिमीटर ताणला जातो, २० मिलिमीटरचा फक्त ०.०४. पृष्ठभागांचे सूक्ष्म उंचवटे चेपून १० मायक्रॉन गेले, तर पहिल्यात ५ टक्के खेच जाते, दुसऱ्यात जवळपास पाव. आवळलांबी व्यासाच्या तीन ते पाच पट असावी. जागा असेल तर कडक पोलादाची नळी डोक्याखाली घालून लांब बोल्ट लावणे हा आमच्या मते सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. अर्थात तो डिझाइनमधला बदल आहे, म्हणून मंजुरी घेऊनच करावा.

*रंग आणि मऊ वॉशर.* डोक्याखालचा रंगाचा थर हळूहळू दबतो. बसण्याची जागा उघड्या धातूपर्यंत साफ करा.

*बंद छिद्रात टेकलेला बोल्ट.* रेंच पूर्ण टॉर्क दाखवतो, पण बोल्टचे टोक तळाला टेकलेले असते आणि भागावर दाब शून्य. आवळून झाल्यावर वॉशर बोटाने फिरतो का पाहा, ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) आत जाते का पाहा. बसवण्याआधी डेप्थ गेजने छिद्राची खोली मोजून टोकापुढे किमान दोन-तीन आट्यांची मोकळीक आहे याची खात्री करा.

*आडवे घसरणे.* जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की नट सैल करण्यात बोल्टच्या आडव्या दिशेचे कंपन सर्वांत वाईट. स्प्रिंग वॉशर पूर्ण आवळल्यावर सपाट होतो आणि मग तो साध्या वॉशरसारखाच. पाचर-वॉशरची जोडी चालते. लॉकिंग वायर बोल्ट पडू देत नाही, पण खेच टिकवत नाही. नेहमीचे आटे-चिकटवणारे द्रव्य साधारण १५० अंशांपर्यंतच भरवशाचे, म्हणून एक्झॉस्टजवळ वापरू नये.

कंपन मोजणे

बोल्ट घट्ट असूनही तुटला असेल, तर मोजमाप घ्यावेच लागते. ब्रॅकेटवर तीन दिशांना ॲक्सिलरोमीटर (कंपन मोजणारे संवेदक) लावा आणि २५, ५०, ७५ व १०० टक्के भारावर नोंद घ्या. शंभर किलोवॅटवरच्या रेसिप्रोकेटिंग (पिस्टन मागेपुढे हलणाऱ्या) मशीनसाठी कंपनाच्या आयएसओ १०८१६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा सहावा भाग आहे, पण तो इंजिनाच्या मुख्य अंगासाठी. लोंबत्या ब्रॅकेटला त्याची मर्यादा आंधळेपणाने लावू नका. इंजिन बंद असताना रबरी हातोड्याने ठोकून ब्रॅकेटची स्वतःची वारंवारता काढा. मिनिटाला १००० फेऱ्यांच्या चार स्ट्रोक इंजिनात धक्के ८.३ हर्ट्झच्या पटीत येतात: ८.३, १६.७, २५ असे वर चढत. त्यातल्या जोरकस धक्क्यांपासून ब्रॅकेट किमान २० टक्के दूर हवा. जवळ असेल, तर जाड बोल्टाने प्रश्न सुटणार नाही. ब्रॅकेटला तिसरा आधार द्यावा लागेल.

नवे बोल्ट बसवताना

तुटलेला एकच नव्हे, त्या जोडातले सगळे बोल्ट बदला. शेजाऱ्यांनी जादा भार सोसलेला असतो. आटे रोल केलेले हवेत, कातलेले नकोत. कनेक्टिंग रॉडचे जुने बोल्ट पुन्हा वापरायची परवानगी उत्पादकाने दिली असेल, तरीही चुंबकीय कणांची तपासणी करा आणि मूळ लांबीशी तुलना करा. कायमची वाढ मर्यादेबाहेर असेल तर बाद.

आवळताना समोरासमोरचा क्रम ठेवा: ३० टक्के, ७० टक्के, १०० टक्के आणि शेवटी एक गोल फेरी. शेवटची ओढ संथ आणि न थांबता असावी. टॉर्क रेंचने खेचेत २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होतेच. कनेक्टिंग रॉडसारख्या जागी लांबी मोजून किंवा टॉर्कनंतर ठरलेला कोन फिरवून आवळा. प्रत्येक नटावर रंगाची आडवी रेघ मारा, म्हणजे पुढच्या फेरीत तो फिरला का हे नजरेलाच कळेल.

दुसरे मशीन

ऑगस्ट १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या शोरहॅम केंद्रात चाचणी चालू असताना एका राखीव डिझेल इंजिनाचा क्रँकशाफ्ट थकून तुटला. बाकीची दोन उघडली तर त्यांच्या क्रँकशाफ्टलाही चिरा निघाल्या. एकाच घडणीची, एकाच रीतीने चालवलेली मशीन्स एकाच रीतीने थकतात. म्हणून एका जनरेटरमध्ये बोल्ट थकून तुटला, की उरलेल्यांमधला तोच जोड ठरलेल्या मुदतीत तपासायचा. पण दोन्ही मशीन एकदम उघडायची नाहीत. आधी दुसरे सुरू होण्याच्या स्थितीत आहे हे दाखवून द्यायचे, मग पहिले हातात घ्यायचे, आणि ते भारावर चालून पास झाल्यावरच दुसऱ्याला हात लावायचा. शक्य असेल तर दुसऱ्या मशीनवर वेगळे माणूस आणि वेगळा कॅलिब्रेट केलेला रेंच ठेवा. एका रेंचची चूक दोन्ही मशीनमध्ये गेली, तर दोन मशीन ठेवल्याचा उपयोगच राहत नाही.

दुरुस्तीनंतर मशीन पूर्ण भारावर किमान एक-दोन तास चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि उत्पादकाची मनाई नसेल तर टॉर्क तपासा. बहुतेक चेपण पहिल्या काही तासांतच होते. कंपनावर बदल केला असेल, तर तासाभराची चाचणी पुरणार नाही. २४ तास चालवा आणि दर चार तासांनी रंगाच्या रेघा पाहा. शेवटची फेरी इंजिन थांबल्यावर, बॅटरी घेऊन, वॉशरच्या कडांवर तांबूस भुकटी पुन्हा दिसते का ते पाहण्यासाठी करा.